अंड्याला कान नसतात

२ जून

प्रिय मामा,

पत्राच्या सुरुवातीला वडीलधाऱ्यांची तब्येत विचारायची असते. तुझी तब्येत मी परवा रेडिओवर ऐकली. ठणठणीत आहे.

त्या रेडिओपायीच हे पत्र लिहायला बसले आहे. तुझा आणि गणिताच्या मास्तरांचा जाहीर वाद, 'ज्ञान येतं कुठून' वाला, आमच्या जीपमध्ये लागला होता. आमच्या केंद्राच्या फाटकाच्या आत आवाज करायचा नाही हा नियम ड्रायव्हरलाही आहे, म्हणून तो बिचारा फाटकाबाहेर गाडी लावून कानात बोंडं घालून ऐकतो. त्या दिवशी बोंडांची वायर निसटली आणि तू रानभर पसरलास.

मी तेव्हा पिल्लांना तळ्याकडे नेत होते. पांढरा झगा, तोंडावर जाळी, हातात करकोच्याच्या डोक्याची लाकडी बाहुली, म्हणजे ज्याला तू एप्रिलमध्ये खुंटीवर पाहून 'भुताचा गणवेश' म्हणालास तो सगळा सरंजाम अंगावर होता. तुला तेव्हा समजावून सांगितलं होतं, पुन्हा सांगते. ही करकोच्याची पिल्लं आम्ही यंत्रात उबवलेली आहेत. त्यांना माणूस दिसता कामा नये, माणसाचा आवाज ऐकू येता कामा नये. एकदा का त्यांना माणूस आपला वाटला, की पाणथळीत सोडल्यावर ती पहिल्या बंदूकवाल्याच्या पायाशी जाऊन उभी राहतील. म्हणून मी दिवसभर मुकी आई होऊन फिरते. तुझ्या घरात वाढलेल्या मुलीने बोलायला बंदी असलेली नोकरी शोधावी, याचं आपल्या घरात कुणालाच नवल वाटलं नव्हतं.

तर रेडिओतून तू म्हणालास, "मित्रहो." फक्त एवढंच. सगळी पिल्लं मला सोडून फाटकाकडे धावली. मी बाहुलीतून करकोच्याची साद वाजवली, एकानेही वळून पाहिलं नाही. जाळीला चोची लावून, माना उंच करून ती उभी राहिली. तू 'अनुभवाखेरीज दुसरी शाळा नाही' असं गरजलास तेव्हा त्यातलं थोरलं पिल्लू गंभीरपणे मान डोलवायला लागलं. ड्रायव्हर म्हणाला, हे तर सभेचे अध्यक्ष. तेव्हापासून त्याचं नाव अध्यक्षच पडलंय.

संचालकबाई हसल्या नाहीत. सप्टेंबर संपेपर्यंत जी पिल्लं माणसाच्या आवाजाकडे धावतील ती पाणथळीत सोडायची नाहीत, असा नियम आहे. ती प्राणिसंग्रहालयात जातील आणि जन्मभर पिंजऱ्यात राहतील. या पाणथळीतला शेवटचा करकोचा गेला तेव्हा मी बोलायलाही शिकले नव्हते. ही पिल्लं गेली की पुन्हा अंडी मिळायची नाहीत.

तू एप्रिलभर माझ्याकडे होतास. सरळ विचारते, सरळ सांग. तू कधी फाटकाच्या आत गेला होतास का?

मुंगी


९ जून

प्रिय मुंगी,

फाटकाच्या आत माझं पाऊल पडलेलं नाही. हे मी कुठेही, कुणासमोरही, कोणत्याही उंचीच्या व्यासपीठावरून सांगायला तयार आहे.

पण पिल्लांनी जे केलं त्यात तुम्हाला संशय कसला येतो तेच मला कळत नाही. सभागृहातल्या निम्म्या लोकांना माझं म्हणणं समजलं नाही आणि उरलेल्या निम्म्यांना खुर्च्या टोचत होत्या. एवढ्या मोठ्या जगात काही जीवांनी एका वाक्यात सत्य ओळखलं, तर त्यांची चौकशी करता? सत्कार करा.

त्या दिवशी मास्तरांचं काय झालं ते तुला रेडिओवर नीट कळलं नसेल. ते म्हणतात, माणूस जन्मतःच काही ज्ञान सोबत घेऊन येतो. त्रिकोण म्हणजे काय हे मनाला आधीच ठाऊक असतं, शिक्षक फक्त आठवण करून देतो. मी म्हणालो, मास्तर, मग इतकी वर्षं वर्गात छड्या कशाबद्दल मारल्यात? विसरल्याबद्दल? लोक हसले, मास्तर पाणी प्यायले. मी सांगितलं की मन ही रिकामी खोली आहे. डोळे, कान, नाक, जीभ, कातडी ही तिची दारं. आत जे काही सामान दिसतंय ते कधी ना कधी दारातूनच आलेलं आहे. जो माणूस खुर्चीत बसून, डोळे मिटून जगाबद्दल निष्कर्ष काढतो, त्याला विद्वान म्हणू नका, त्याला झोप लागलेली आहे.

यावर टाळ्या पडल्या. त्या रेडिओवाल्यांनी कापल्या असणार.

तुमच्याकडे आचारी आहे ना? तो कांदा चिरताना गातो. मी स्वतः ऐकलं आहे. त्याच्याकडे जरा बघा.

अध्यक्षांनी नेमक्या कोणत्या वाक्याला मान डोलवली ते कळव. 'शाळा नाही' ला की त्याच्या पुढच्याला?

तुझा मामा


१६ जून

प्रिय मामा,

आचाऱ्याला मध्ये ओढू नकोस. त्याने गाऊन दाखवलं, पिल्लांनी ढुंकून पाहिलं नाही. ड्रायव्हर बोलला, संचालकबाई बोलल्या, मी झगा काढून आडोशाने बोलले. बाकी आवाजांना ती बिचकतात, पण रेडिओवाल्यांकडून तुझं भाषण मागवून लावलं की धावत सुटतात. आणि तुझ्यामागे जो कुणी बोलेल त्याच्याकडेही मग विश्वासाने बघतात. तू त्यांच्यासाठी माणसांच्या जगाचं उघडं दार झाला आहेस. दाराची उपमा तुझीच आहे.

तरीही तुझी माफी मागते. मी तारखा पाहिल्या. तू ज्या आठवड्यात गेलास त्याच्या पुढच्या आठवड्यात पहिलं अंडं फुटलं. म्हणजे ही पिल्लं जन्माला आली तेव्हा तू इथे नव्हतास. त्यांनी तुला कधी ऐकलेलंच नाही.

संचालकबाईंनी यातून निष्कर्ष काढला आहे की यात कुणाचाच दोष नाही. त्या खर्जातल्या आवाजाची ओढ या पक्ष्यांना जन्मतःच असावी. रेडिओवर मास्तरांचा पत्ता सांगितला होता, तेव्हा त्यांनी मास्तरांनाच लिहून विचारलं. उलट टपाली उत्तर आलं. मास्तर फार आनंदात आहेत. ज्या माणसाला जन्मात ऐकलं नाही त्याला पिल्लांनी ओळखलं, याहून मोठा पुरावा आपल्याला स्वप्नातही मागता आला नसता, असं त्यांनी लिहिलं आहे. दुसऱ्या वादाच्या दिवशी ते हे भर सभेत वाचून दाखवणार आहेत आणि पुरावा म्हणून तुलाच उभं करणार आहेत.

तुमच्यात कोण जिंकतं याच्याशी मला देणंघेणं नाही. पण जे जन्मतःच आहे ते काढायचं कसं? संचालकबाईंनी मला प्राणिसंग्रहालयाच्या पत्राचा मसुदा करायला सांगितलं आहे. पिल्लांना पिसं फुटताहेत. काल अध्यक्ष पंख पसरून धावला आणि एक क्षण जमिनीवर नव्हता.

मुंगी


२० जून

मुंगी,

तो मसुदा फाड. आणि मास्तरांना पुढे एक अक्षरही जाता कामा नये.

त्यांनी मला ऐकलं आहे.

तुझं घर फाटकाबाहेर आहे, पण तुझं स्वयंपाकघर आणि तुमची ती उबवण्याची खोली यांच्यात एकच भिंत आहे. तू दुपारी तळ्यावर जायचीस तेव्हा मी ओट्यापाशी उभा राहून भाषणाची तालीम करायचो. त्या भिंतीकडे तोंड करून, कारण तिथे आवाज छान घुमतो. रोज. 'मित्रहो' पासून टाळ्यांच्या जागांपर्यंत.

तुझा नियम मला ठाऊक होता, मी काही रानटी नाही. मी नियमाचा विचार केला. म्हटलं, नियम पिल्लांसाठी आहे. पलीकडे पिल्लं नाहीत, अंडी आहेत. अनुभव सुरू होतो तो दार उघडल्यावर, आणि अंड्याला दार नाही, खिडकी नाही. अंड्याला कान नसतात. इतकं ते स्वच्छ होतं.

हे मी कुठे पाहिलं नाही, वाचलं नाही, तुला विचारलं नाही. तुझ्या खुर्चीत बसून, डोळे मिटून ठरवलं. म्हणजे ज्याबद्दल मी मास्तरांची जन्मभर सालटी काढली, नेमकं तेच केलं, तेही तुझ्याच घरात, तुझाच चहा पीत.

प्रश्न फक्त तुझ्या नोकरीचा असता तर मी आणखी थोडे दिवस गप्प राहिलो असतो, हेही सांगून टाकतो. पण पिल्लं पोटातूनच मला शिकून आली असं मास्तर भर सभेत म्हणणार असतील, तर ते माझ्याच्याने ऐकवणार नाही. ती शिकून आलेली नाहीत. मी शिकवलं आहे. भिंतीतून, कवचातून, पण कानावाटेच.

तुझा मामा


२८ जून

मामा,

तू माझ्यासाठी नाही, पक्ष्यांसाठी नाही, मास्तरांवर मात करण्यासाठी खरं बोललास. निदान कारण तरी लपवलं नाहीस.

अंड्यातलं पिल्लू फुटण्याआधीचे बरेच दिवस बाहेरचं ऐकत असतं. आई अंड्यावर बसून हळू आवाजात बोलते आणि पिल्लू आतून तिला ओळखायला शिकतं. हे इथे आचाऱ्यालाही माहीत आहे, कारण मी त्याला सांगितलं होतं. तू भिंतीला तोंड लावून रोज बोलत होतास हे ठाऊक नव्हतं, म्हणून मला ते सुचलं नाही. तुलाही सांगितलं असतं, पण महिनाभरात माझ्या वाट्याला बोलायची पाळीच आली नाही. तर अभिनंदन, मामा. तू आई झालास.

संचालकबाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं. तुझ्याबद्दल त्या जे म्हणाल्या ते लिहीत नाही. मग म्हणाल्या, शिकलेलं असेल तर त्यावर दुसरं काही शिकवता येईल. आणि ते शिकवणं फक्त त्यालाच जमेल.

पिल्लं उडायला लागली की तू यायचंस. झगा नाही, जाळी नाही. आपल्या रोजच्या कपड्यांत, माणूस म्हणून. त्यांच्यासमोर उभं राहून त्याच आवाजात बोलायचं आणि ती तुला घाबरून पळतील असं काहीतरी करायचं. दगड मारायचा नाही, इजा करायची नाही. फक्त त्यांच्या मनातून उतरायचं. तुला नावडता होण्यासाठी येण्याजाण्याचा खर्च मिळतो आहे. आजवर तू हे काम फुकट करत होतास.

मुंगी


५ जुलै

प्रिय मुंगी,

येतो.

यावर खरं तर पत्र संपायला हवं होतं, पण मला थांबता येत नाही हे तुला ठाऊक आहे. मी नुसता गप्प बसलो तर चालणार नाही का? मी यापुढे रेडिओवर जाणार नाही. पाणथळीच्या आसपास फिरकणार नाही. ती विसरतील.

पत्र लिहिता लिहिताच उत्तर कळलं. मी गप्प बसलो तरी बाकीची माणसं बसणार नाहीत, आणि त्यांच्यातल्या एखाद्याच्या हातात बंदूक असेल.

मुंगी, मी उभं आयुष्य बोलत आलो. लोक आले, बसले, टाळ्या वाजवल्या, चपला शोधल्या आणि घरी गेले. काही जण मधूनच उठून गेले, त्यांनाही मी हिशेबात धरतो. पण 'मित्रहो' म्हटल्यावर धावत कुणी आलं नव्हतं. आणि जे आले त्यांना मी हाकलायचं.

ठीक आहे. रागावण्यात माझा हात कोण धरणार? मला पाहून तुझी शेजारीण अजून दार लावून घेते. पक्षी किती वेळ टिकणार?

तुझा मामा


१४ ऑगस्ट

प्रिय मामा,

काल तू मला न भेटता सकाळच्या बसने गेलास, म्हणून लिहिते आहे. ते दोन्ही दिवस मी वेताच्या बेटापाशी झगा घालून उभी होते. तुझ्याजवळ येऊ शकत नव्हते. आई त्या माणसाशेजारी जाऊन उभी राहिली असती तर केलेलं सगळं फुकट गेलं असतं.

पहिल्या दिवशी तू जे बोललास ते विसरणं मला जन्मात शक्य नाही. नालायक, कृतघ्न, बिनडोक, लांबटांगे. तू मुठी आवळल्यास, पाय आपटलेस. पिल्लं जवळ आली. तू आणखी तापलास, तेव्हा त्यांनी पंख पसरले आणि नाचायला लागली. तू जितका भडकशील तितकी त्यांची उडी उंच. तुझा राग हीच त्यांची अंगाई होती, मामा, त्यांना दुसरं काय वाटणार? संचालकबाई माझ्या शेजारी झग्यात होत्या. हसू फुटू नये म्हणून त्यांनी बाहुलीची चोच दातात धरली होती. तू मात्र त्या नाचाकडे तोंड उघडं टाकून पाहत राहिलास. मध्ये एक वाक्य अर्धवट सोडलंस. तुला वाक्य अर्धवट सोडताना मी प्रथमच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ऊन होतं म्हणून तू छत्री घेऊन आलास. ती बटणाची, काळी. 'मित्रहो' म्हणालास, पिल्लं आली, आणि ऊन डोळ्यांवर आलं म्हणून तू बटण दाबलंस. छत्री फाडकन उघडली आणि सगळी जीव घेऊन पळाली. त्यांच्या अंगावर आजवर कुणी छत्री उघडली नव्हती. काळं काहीतरी अचानक मोठं होत अंगावर आलं की पळायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. ते घेऊनच ती आली. म्हणजे एक गुण मास्तरांच्या नावावर.

मग मी बाहुली वर करून तुला खुणावलं, पुन्हा. तू माझ्याकडे पाहिलंस. तुला समजलं होतं. 'मित्रहो', आणि छत्री. ती पळाली, लांब जाऊन थांबली, परत फिरली. पुन्हा 'मित्रहो', पुन्हा छत्री. आवाज आणि छत्री यांची गाठ त्यांनी एका सकाळीत बांधली, आणि ही मात्र अनुभवाची शाळा. एक गुण तुझा.

शेवटी फक्त अध्यक्ष परत येत होता. बाकीची वेतापलीकडे गेली तरी तो तुझ्यासमोर मान डोलवत उभा. तू मिटलेली छत्री धरून इतका वेळ गप्प राहिलास की मला वाटलं, आता हा करायचा नाही. मग तू ते म्हणालास, पण भाषणातल्यासारखं नाही. मी लहानपणी तापाने फणफणायचे तेव्हा उशाशी बसून हाक मारायचास, तसं. आणि बटण दाबलंस.

त्यानंतर तू एकदा नुसतंच 'मित्रहो' म्हणालास, छत्री न उघडता. एकही पक्षी आला नाही.

तू पाठ वळवलीस तेव्हा मला मामा म्हणून ओरडावंसं वाटत होतं. नियम होता.

छत्री तू माझ्या स्वयंपाकघरात त्याच भिंतीवरच्या खुंटीला टांगून गेलास. पाठवू का?

मुंगी


२५ ऑगस्ट

प्रिय मुंगी,

बस लवकर सुटणार होती, म्हणून भेटलो नाही. छत्री तुझ्याकडेच राहू दे. मला ऊन लागत नाही.

मास्तरांना सगळं सांगितलं. ते लगेच म्हणाले की छत्री त्यांची आणि आवाज माझा, म्हणजे सामना बरोबरीत. मी म्हणालो, मास्तर, आपण दोघंही एकाच जातीची गाढवं आहोत. निसर्गाला आपण साक्षीला बोलावतो ते आपल्या बाजूने बोलण्यासाठी. तो येतो, आपल्याला न विचारता तिसरंच काहीतरी सांगतो आणि पाणी न पिता निघून जातो. आपण मात्र तो आपल्याच बाजूने बोलला असं घरी सांगत बसतो. मास्तरांना हे पटलं नाही. त्यांना पटलं असतं तर मी म्हणणं बदललं असतं.

माणूस आणि निसर्ग यांच्या नात्यावर मी आजवर पुष्कळ बोललो. कुशी, मांडी, लेकरू, सगळं. ऐकणाऱ्या बायका डोळे पुसायच्या. आता ते शब्द तोंडात आले की मला माझीच लाज वाटते. निसर्ग आपल्याला कुशीत घेत नाही, आणि घ्यायला आला तर त्याला हाकलणं कधी कधी आपल्याच गळ्यात पडतं. समोरच्याचं भलं व्हावं म्हणून त्याने तुला पाहताच पळावं, आणि ते पळणं तूच शिकवावंस, अशीही एक माया असते. ती भाषणात बसत नाही. मी बसवून पाहिली.

दुसरा वाद ऑक्टोबरात आहे. रेडिओवर लागेल. बोलायला उभा राहणार आहे, कारण नाही म्हटलं तर मास्तर एकटेच बोलतील.

तुझा मामा


१९ ऑक्टोबर

प्रिय मामा,

सप्टेंबरअखेर आम्ही त्यांना सोडलं. लगेच लिहिलं नाही, कारण खरी परीक्षा बाकी होती.

परवा तुझा दुसरा वाद लागला तेव्हा संचालकबाईंनी जीप पाणथळीच्या काठावर आणायला लावली आणि ड्रायव्हरला रेडिओचा आवाज पूर्ण वाढवायला सांगितलं. पक्षी उथळ पाण्यात चरत होते. निवेदकाने तुझी ओळख करून दिली, तेव्हा त्यांनी नुसत्या माना वर केल्या. मग तू म्हणालास, "मित्रहो."

सगळा थवा एकदम उठला आणि पाण्यावरून पलीकडच्या काठाला गेला. इतक्या थोड्या शब्दांत उधळलेली सभा मी पाहिली नव्हती. तुझं आजवरचं सर्वांत यशस्वी भाषण, मामा, आणि पुढचं कुणीच ऐकलं नाही. संचालकबाईंनी प्राणिसंग्रहालयाचं पत्र तिथेच फाडलं. ड्रायव्हरने टाळ्या वाजवल्या, त्याबद्दल त्याला बोलणी बसली.

मी झगा घातलेला नव्हता. माझ्याच कपड्यांत होते. मी थोडी पुढे गेले, तेव्हा पलीकडे पोहोचलेले पक्षी तिथूनही उठले आणि आणखी लांब गेले. कवच फोडून बाहेर आल्या क्षणापासून मी त्यांना वाढवलं आहे. मी काठावर उभी होते आणि मला खूप बरं वाटत होतं. मग जीपमध्ये येऊन बसले आणि कुणाशी बोलले नाही. त्या दिवशी तू सकाळच्या बसने का गेलास ते मला तेव्हा कळलं.

मुंगी


२६ ऑक्टोबर

प्रिय मुंगी,

वाद मी हरलो. मास्तर छान बोलले. घरी येताना आम्ही दोघं बराच वेळ रस्त्याने चाललो, पण कुणी काही म्हणालं नाही. जमतं हे मला, माहीत नव्हतं.

तुझ्या पत्रात सगळं आहे, एक सोडून. अध्यक्षही उडाला का?

मामा


२ नोव्हेंबर

प्रिय मामा,

सगळ्यांत आधी.

मुंगी